अठरा रुपयांची खोली

शाळेत मी मराठी शिकवायचे आणि सोबत नागरिकशास्त्र. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय, कुणालाच नको असायचा, म्हणून तो नव्या बाईंच्या गळ्यात पडायचा. मी नवी होते तेव्हा मूलभूत हक्क सात होते. मुलं ओळीत पाठ म्हणायची, आणि सहावा हक्क मालमत्तेचा यायचा. पुढे जनता सरकारनं १९७८ साली चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती केली आणि २० जून १९७९पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला. घटनेत तो राहिला, पण तीनशे-अ कलमात, एका ओळीत : कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढाच. मी फळ्यावर सातचा आकडा पुसून सहा लिहिला. चाळीस मुलींच्या वर्गात एकीनंही विचारलं नाही, "बाई, सातवा कुठे गेला?" खरं सांगायचं तर मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आमच्याकडे मालमत्ता होतीच कुठे?

हे आठवायचं कारण आमचा भाचा. न्यू जर्सीला असतो, हुशार आहे, मावशीवर माया आहे, आणि अमेरिकेत गेल्यापासून त्याची मतं फार ठाम झाली आहेत. डिसेंबरात आला होता. त्याच्याबरोबर रिक्षातून लक्ष्मी रोडला निघाले होते. नारायण पेठेत आमचा वाडा होता त्या जागी आता सहा मजली इमारत आहे, खाली मोबाइलची दुकानं. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "बघ मावशी, हे वाडे सरकारनं मारले. भाडेनियंत्रणाच्या कायद्यानं. मालकाच्या वस्तूचा भाव सरकार ठरवणार म्हटल्यावर दुसरं काय होणार? सरकारनं पोलीस, कोर्ट आणि लष्कर एवढंच सांभाळावं. बाकी माणसांचं माणसं बघून घेतील."

मी म्हटलं, "वाडा नुसता सरकारनं नाही मारला. आम्हीही मारला."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. रिक्षात एवढंच बोलणं झालं, म्हणून उरलेलं इथे लिहिते. नातेवाइकांपैकी काहींना आवडणार नाही. असो.

१९७४ साली लग्न होऊन मी त्या वाड्यात आले. दोन खोल्या आणि वर पोटमाळा. पाण्याला चौकातला हौद, न्हाणी तिघांत मिळून एक. भाडं महिना अठरा रुपये. सासऱ्यांनी १९४३ साली जागा घेतली तेव्हाही अठराच होते. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं' धरलं. त्या वेळी त्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. महायुद्धाची महागाई, शहरात माणसांचा लोंढा, फाळणीनंतर आलेले निर्वासित. घरं कमी आणि माणसं जास्त. मालकानं उद्या चाळीस रुपये मागितले असते तर माझे सासरे, सरकारी कचेरीतले कारकून, चार मुलांना घेऊन कुठे गेले असते? ती चारही मुलं शिकली. माझे यजमान इंजिनिअर झाले. त्या शिक्षणात त्या अठरा रुपयांचा वाटा फार मोठा आहे. माणसांचं माणसं बघून घेतील असं म्हणणाऱ्या भाच्याच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, बी.ए. त्याच पोटमाळ्यावर झालं, हे त्याला बहुधा माहीत नाही. :)

गोची पुढे झाली. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं बसून राहिला. १९७४ साली माझा पहिला पगार तीनशे दहा रुपये होता, निवृत्तीपर्यंत तो कुठल्या कुठे गेला. भाडं अठरा. गवंड्याची एका दिवसाची मजुरी आमच्या महिन्याच्या भाड्याच्या पुढे गेली. मालकाला दुरुस्ती परवडेना. घरपट्टीही त्याच भाड्याच्या हिशेबानं ठरायची, त्यामुळे महापालिकेच्या हातीही चिल्लरच पडायची. गटार तुंबलं की आम्ही मालकांच्या नावानं आणि महापालिकेच्या नावानं आळीपाळीनं ओरडायचो.

आता मालकांचं सांगते. मालक म्हटलं की सिनेमात धोतर नेसलेला लबाड सावकार दाखवतात. आमच्या मालक म्हणजे एक बाई होत्या. ऐन पस्तिशीत वैधव्य आलेलं, पदरी तीन मुलं, आणि उत्पन्न काय तर अकरा बिऱ्हाडांचं भाडं. सगळं मिळून महिन्याला दोनशेच्या आत. वाड्यातले सगळे त्यांना माई म्हणत. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी आमच्या पोटमाळ्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. मी तेव्हा कोकणात होते, अकरा वर्षांची. पण ह्यांच्या तोंडून तो दिवस इतक्या वेळा ऐकला आहे की आता माझीच आठवण वाटते. वाड्याची मागची भिंत बसली. माईंनी पाटल्या मोडून ती बांधून घेतली. आमचं भाडं अठराच राहिलं, आणि भिंतीसाठी वर दोन रुपये देऊ असं अकरा बिऱ्हाडांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. (धरण सरकारनं बांधलं, आणि पुरानंतर बेघरांना गोखलेनगरसारख्या भागात जागाही सरकारनंच दिल्या. सरकार हवं की नको, हा प्रश्न पुण्यात विचारायचा तर त्या एका वर्षाचं उत्तर दोन्ही बाजूंनी देता येईल.)

१९८६ साली आम्ही कोथरूडला फ्लॅट घेतला. सोसायटी केली, कर्ज काढलं, ह्यांच्या आणि माझ्या पगारावर. आणि नारायण पेठेतली खोली? ती सोडली नाही. कुलूप लावलं. कुणीच सोडत नसे. 'जागा सोडली' म्हणजे मूर्खपणा, असं सगळं पुणं मानत असे. कायद्यात तशी तरतूद होती बरं का : भाडेकरूनं स्वतःचं घर घेतलं, किंवा सहा महिने जागा कारणाशिवाय वापरली नाही, तर मालकाला ती परत मागता येत होती. पण मागायची म्हणजे लघुवाद न्यायालयात दावा, वकील, तारखा, अपील. निकाल लागेपर्यंत एक पिढी जायची. माईंना ते झेपणारं नव्हतं आणि ते आम्हाला माहीत होतं. तरी खबरदारी म्हणून मी दर शनिवारी शाळा सुटली की तिकडे जायचे, केर काढायचे, देवापाशी दिवा लावायचे, अर्धा तास पंखा आणि बल्ब चालू ठेवायचे. वीजबिलावर वापर दिसायला हवा ना! वर्गात मी नागरिकांची कर्तव्यं शिकवायचे आणि शनिवारी मीटर फिरवायला जायचे. माई ओट्यावर बसलेल्या असत. "आलीस का ग?" म्हणत. कधी चहा करत. मी का येते हे त्यांना कळत नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

१९ डिसेंबर १९९७ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इतकी वर्षं गोठवलेलं भाडं आता वाजवी म्हणता येणार नाही. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. त्यात आधी पाच टक्के आणि पुढे वर्षाला चार टक्के वाढ. आमचे अठराचे अठरा रुपये नव्वद पैसे झाले. माई तोवर गेल्या होत्या. मुलांनी २००५ साली वाडा बिल्डरला दिला. आम्हाला विचारणा झाली : नव्या इमारतीत छोटी जागा हवी, की पैसे? आम्ही साडेचार लाख घेतले. त्यातून मुलीचं लग्न झालं.

ते साडेचार लाख कशाचे, हा प्रश्न मला आत्ता, पंचाहत्तरीत पडलाय. आम्ही त्या भिंती बांधल्या नव्हत्या, दुरुस्त केल्या नव्हत्या, तिथे राहतही नव्हतो. आम्हाला मिळालेले पैसे 'न हलण्याचे' होते. भाचा म्हणेल, बघ, मी तेच म्हणतोय. थांब जरा.

माझ्या माहेरची गोष्ट उलटी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वडलांची भातजमीन होती, कुळाकडे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कूळकायद्यानं कसणारा मालक झाला. किंमत साऱ्याच्या वीस पट ते दोनशे पटींच्या दरम्यान ठरायची, म्हणजे बाजारभावाच्या मानानं काहीच नाही, आणि तीही हप्त्यांनी. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "सरकारानं लुटलं." मी लहानपणी तिच्या बाजूची होते. मोठी झाल्यावर एकदा गावी गेले तर त्या कुळाचा मुलगा बांधावर चिखलात उभा होता. माझ्या वडलांनी त्या चिखलात पाय घातल्याचं कुणाला आठवत नाही. ते मुंबईत नोकरीला होते, भात गोणीतून यायचं. कसणारा तो, आणि मालक आम्ही. मला तेव्हा आजीचं म्हणणं पहिल्यांदा पोकळ वाटलं.

पण म्हणून सगळंच सारखं नाही. कूळकायदा करणाऱ्यांना निदान एवढं दिसलं होतं की जमिनीची मालक विधवा असेल, अज्ञान मूल असेल, अपंग असेल तर त्यांच्या बाबतीत थांबायला हवं. तसं कलम होतं. भाड्याचा आकडा गोठवताना मात्र मालक गिरणीवाला आहे की पाटल्या मोडणारी माई आहे, याकडे कुणी पाहिलं नाही. आणि दुसरं, कूळ जमीन कसत होता. आम्ही नुसते दिवा लावत होतो.

म्हणजे मला सरकारचा राग कशाचा येतो, ते माझ्यापुरतं सांगते. गरिबाला घर मिळावं ही सगळ्या समाजाची गरज, तर त्याचा खर्च सगळ्या समाजानं करावा. करातून करा, घरं बांधा, कुणाला भाड्याला हातभार लावा. गृहनिर्माण मंडळानं लोकमान्यनगरासारख्या वसाहती बांधल्याच ना? त्या आणखी दहा बांधायला हव्या होत्या. त्याला पैसे लागतात. कायद्यानं भाडं गोठवायला फक्त शाई लागते. सरकारनं दुसऱ्याच्या पाटल्यांवर पुण्य केलं, आणि त्या पुण्याचे लाभार्थी आम्ही, जे पहिली वीस वर्षं खरे गरजू होतो आणि नंतरची तीस वर्षं नव्हतो. दर दहा वर्षांनी कुणी तपासायला आलं असतं तर आम्हीच उठलो असतो. कदाचित कुरकुरत.

भाच्याच्या 'पोलीस, कोर्ट आणि लष्कर'वर माझा मात्र विश्वास बसत नाही. मालमत्ता ही काही आंब्यासारखी झाडाला लागत नाही. वाडा माईंचा होता, हे कशावरून? सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव होतं म्हणून. शेत कुणाचं? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचं. तलाठी, भूमापक, नोंदणी कचेरीतला कारकून, हे सगळे सरकारच. त्यांनी लिहिलं म्हणून मालकी, नाही तर नुसता कब्जा आणि दांडगाई. आणि तुझ्या न्यू जर्सीतसुद्धा कित्येक गावांमध्ये भाडेनियंत्रण आहे रे बाबा, तिथल्या मालकांना विचार.

शिवाय भांडवल एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला, असं चित्र तो काढतो. आपल्याच जिल्ह्यात बघावं. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. टाटांच्या कंपनीला मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची होती, त्यासाठी धरण हवं होतं, आणि इंग्रज सरकारनं १८९४च्या भूसंपादन कायद्यानं शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन दिल्या. सेनापती बापट तुरुंगात गेले. तिथे 'खासगी मालमत्ता' कुणाची होती? भातखाचरं असलेल्या शेतकऱ्याची. तिच्यावर सरकार आणि भांडवल हातात हात घालून चालून गेले. आणि पुण्यातले काही सावकार, ज्यांच्या त्या खोऱ्यात जमिनी होत्या, ते मोबदला घ्यायला तयार झाले. आमच्या पेठांतलेच. शंभर वर्षांनी, २०२५ साली, पुरंदरच्या सात गावांत विमानतळासाठी मोजणीला विरोध झाला, तेव्हा मला मुळशीच आठवली. आता कायदा बदलला आहे. २०१३च्या कायद्यानं मोबदला वाढला, काही ठिकाणी संमतीही लागते. तरी बागेतला अंजीर उपटायचा म्हटल्यावर पोटात कालवणारच.

हडपसरजवळ मगरपट्ट्यात मात्र शेतकऱ्यांनी वेगळीच वाट काढली. शंभराहून अधिक कुटुंबांनी आपली चारशे एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, विकली नाही, स्वतःच कंपनी काढून भागधारक झाले आणि शहर उभं केलं. याला भांडवलशाही म्हणायचं की सहकार? मला नाव सुचत नाही, पण गोष्ट आवडते.

आणि सरकारनं सगळंच हातात घेतलं की काय होतं तेही आम्ही भोगलंय. स्कूटरची नोंदणी ह्यांनी १९७२ साली केली, हातात आली १९८० साली. किती गाड्या काढायच्या हे कारखान्यानं नाही, दिल्लीनं ठरवायचं! पत्नी लवकर मिळाली, स्कूटर उशिरा, असं हे सगळ्यांना सांगत.

५ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला, तो मी पेपरात दोनदा वाचला. खटला मुंबईच्या जुन्या, उपकर भरणाऱ्या इमारतींच्या मालकांचा. १९८६ साली कायद्यात अशी तरतूद झाली होती की सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत त्यांच्या सोसायटीसाठी घेता येईल. शंभर पट ऐकायला मोठं वाटतं. माझ्या अठरा रुपयांना शंभरनं गुणलं. अठराशे. घटनेच्या ३९(ब) कलमात समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी असं तत्त्व आहे. न्या. कृष्णा अय्यरांनी १९७७ साली त्या 'साधनसंपत्ती'त खासगी मालमत्ताही धरली होती. आताच्या बहुमतानं सांगितलं की काही खासगी मालमत्ता त्यात येऊ शकेल, पण प्रत्येकच येते असं नाही, ती वस्तू कसली आहे, किती दुर्मिळ आहे, समाजावर तिचा परिणाम काय, हे पाहावं लागेल. सात न्यायमूर्ती एका बाजूला, एका बाईंचं थोडं वेगळं मत, एकांचा विरोध. मला वाटलं, हे कुणी १९४७ साली अकरा बिऱ्हाडांकडे बघून म्हटलं असतं तर!

कृष्णा अय्यरांची चूक झाली असं मात्र मी पटकन म्हणणार नाही. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांच्याकडे बघून ते लिहीत होते. मीही त्या काळी त्यांच्याच बाजूला असते, अठरा रुपयांची पावती हातात धरून.

त्या पावत्या अजून आहेत. भाचा परत गेल्यावर कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. १९४३ पासूनच्या सगळ्या, सासऱ्यांनी आणि मग ह्यांनी दोऱ्यात ओवून ठेवलेल्या. दावा लागला तर पुरावा म्हणून. आधीच्या मालकांच्या सहीच्या, मग १९५८ पासून माईंच्या. आधी जाड, गोल अक्षर, शेवटी शेवटी थरथरतं, 'रु. अठरा फक्त मिळाले'. तो 'फक्त' रकमेपुढे सगळेच लिहितात.

माईंची मुलगी बिबवेवाडीला असते. परवा फोन केला. वीस वर्षांनी बोलत होतो. पावत्यांचं सांगितलं तर क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "आईच्या हातचं आमच्याकडे काहीच उरलं नाही हो. वाडा पाडताना सगळं गेलं. द्याल का त्या मला?" गुरुवारी नेऊन देणार आहे. हे म्हणतायत, पैशांचं काही काढू नकोस, तिला अवघड वाटेल. मी अजून ठरवलेलं नाही. पाकीट मात्र पर्समध्ये ठेवलंय.